तुरटीतला चेहरा

आमच्या घरात तुरटीशिवाय पान हलत नसे. पावसाळ्यात सिद्धेश्वर धरणाचं गढूळ पाणी आलं की हंड्यात तुरटी फिरवायची, सासऱ्यांच्या दाढीनंतर गालाला तुरटी, आणि लेकराची दृष्ट काढायलाही तुरटीच.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. धाकटी जाऊ माझीच विद्यार्थिनी, तिचं स्थळही मीच सुचवलेलं. मला मूलबाळ नव्हतं. कॉलेज सुटलं की तिचं लेकरू माझ्याच कडेवर असायचं.

एकदा लेकराचा ताप उतरेना. सासूबाईंनी तुरटीचा खडा त्याच्यावरून ओवाळून निखाऱ्यावर टाकला. खडा वितळला, फसफसून फुगला. ज्याची दृष्ट लागली त्याचं तोंड त्यात दिसतं म्हणे! सासूबाईंनी तो फिरवून फिरवून पाहिला.

"हा अंबाडा बघा. कोणाचा हाय?"

घरात अंबाडा घालणारी मी एकटीच.

त्या दिवसापासून माझ्यावर पहारा बसला. मी तापवलेलं दूध सासूबाई वास घेऊन पाहायच्या. अगं बाई, मी काय विष कालवणार होते? सासूबाई आणि जाऊ कुजबुजल्या की मलाही वाटायचं, माझंच चाललंय. लेकरू माझ्याकडं झेपावायचं आणि कोणीतरी त्याला उचलून न्यायचं. जीव नुसता तुटायचा.

शेवटी माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर मी दुसरा खडा, कोणावरूनही न ओवाळता, निखाऱ्यावर टाकला. तोही तसाच फुगला. "तुरटीच्या पोटात पाणी असतं, त्याची वाफ होते म्हणून ती फुगते. तोंडबिंड काही नसतं!"

सासूबाई वाकल्या. "व्हय. पण यातबी तूच दिसून राहिली."

त्यांचं सोडा, जाऊ तर शिकलेली होती. मी कॉलेजातून थर्मामीटर आणि काचेची बारीक नळी आणली होती. नळीचं एक टोक आचेवर बंद केलं, आत तुरटीची पूड ठासली, दोऱ्यानं ती थर्मामीटरला बांधली आणि पातेल्यातल्या पाण्यात सोडली. तुरटी पाणी उकळायच्या आधीच वितळते, म्हणून पाण्यात भागतं. कोणाचीही नजर असो, तुरटी ब्याण्णव अंशांलाच वितळते; हा प्रयोग तिला मीच शिकवला होता.

"तूच बघ आता," मी म्हणाले.

लेकराला कडेवर घेऊनच ती वाकली. नळीतली पांढरी पूड पाण्यासारखी झाली.

"ब्याण्णव, ताई. बराबर आहे," ती म्हणाली. मी हात पुढं केले, तशी तिनं लेकराच्या तोंडावर पदर ओढला.