उजव्या काखेतलं अवधाण

पिंपळगावच्या बाजारात माझा टेंपो लागला की बाकीचे गाडीवाले माल उतरवायचा सोडून माझ्या थापा ऐकायला जमायचे. एकदा मी सांगितलं, आमच्या द्राक्षबागेतला एकच मणी एवढा फुगला की त्याच्या भाराने टेंपोची पुढची दोन्ही चाकं उचलली गेली. मागे क्रेटवर बसलेली बायको ओरडली, "निम्मं करा ओ!" हे तिचं कायमचंच.

"बरं, एकच चाक उचललं," मी म्हणालो.

तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली तेव्हाही मी गावभर सांगत सुटलो की डॉक्टरांनी दुधी भोपळा काढला. होती लिंबाएवढी. ऑपरेशनमध्ये डाव्या काखेतल्या गाठीही काढल्या, औषधं झाली, रेडिएशनचा शेक झाला. पुढच्या हंगामात बाई परत बागेत, मणी विरळायला कात्री घेऊन!

तीच कात्री उजव्या अंगठ्याला लागली आणि थोड्याच दिवसांत उजव्या काखेत गाठ आली. हाताला जखम झाली की काखेत अवधाण येतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. बागेतल्या बायका म्हणाल्या, "अवधाण हाय गं, आंबेहळद लाव." लावली. दुखणं डावीकडचं, गाठ उजवीकडे. संबंध लावणार कोण? अंगठा भरून आला. गाठ राहिली.

नाशकात सुई घालून तपासल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डावीकडच्या गाठी काढल्या की तिथून वाहणाऱ्या रसाची वाट बदलते. क्वचित आजार छाती ओलांडून पलीकडच्या काखेत जातो."

"म्हंजी अंगभर झालं?" बायकोने विचारलं.

"स्कॅनमध्ये आणखी कुठे दिसत नाही. म्हणून बरं करायचं, असंच धरून उपचार करू. खात्री मात्र देत नाही."

उजवी काखही उघडली. पुन्हा औषधं, पुन्हा शेक. मी लोकांना सांगायचो, सलाइनची बाटली हातात धरून ही जिना पळत चढते. आतून आवाज यायचा, "निम्मं करा!" तेवढ्यावर माझ्या घशाखाली घास उतरायचा.

मग खोकला सुरू झाला. फुप्फुसात गेलं होतं. 'बरं करू' म्हणणाऱ्या डॉक्टरीणबाई आता 'त्रास कमी ठेवू' म्हणायला लागल्या.

त्या दुपारी तिच्या उशाशी बसून मी सुरू केलं, "अगं, औंदा माल असा लागलाय की मांडवाच्या तारा जमिनीला टेकल्यात. तू उठलीस की सगळी बाग एकटी विरळशील, मणी नारळाएवढे होतील..." आणि सवयीने थांबलो. ती तिथेच बोलायची.

ती छताच्या पत्र्याकडे बघत होती.

"थांबले काय?" ती म्हणाली. "आज निम्मं नका करू. सगळं सांगा."