शोकसभेतली शिट्टी

सोसायटीच्या शोकसभेत सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे होते आणि कुठेतरी बारीक शिट्टी वाजत होती. माझा संशय शेजारच्या देशमुखकाकांच्या कानातल्या मशीनवर. तसली मशीनं वाजतातच. शांतता मिळाली की माणूस आधी गुन्हेगार शोधतो. सभा संपताच मी त्यांना टोकलंच. त्यांनी मशीन काढलं, बंद करून माझ्या तळहातावर ठेवलं. शिट्टी चालूच.

मशीन परत कानात घालत त्यांनी विचारलं, "एकाच कानात वाजते?"

"छे!" म्हणालो, पण बोट डाव्या कानाकडे गेलं होतं.

"मग कानाच्या डॉक्टरांना दाखवा. अंगावर काढू नका."

मी संशयानं पंख्याकडे पाहिलं, मग माइककडे. दोन्ही बंद होते.