बिनअस्तराचा कोट

माझी धाकटी बहीण वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी विद्यापीठात जाऊन व्हिडिओ गेमची चित्रकला शिकली. हे मी एका दमात सांगून टाकते, कारण थांबत थांबत सांगितलं की लोक मध्येच हसतात. मी तर हसलेही नव्हते, सरळ कडाडले होते.

आमचं दोघींचं शिवणाचं दुकान. बायकांचे कपडे, शाळेचे गणवेश आणि वर्षातून दोन-तीनदा नाटकवाल्यांचे पोशाख. समोर काच, आत दोन मशीन, मधे कापड बेतायचं लांब टेबल, मागे इस्त्री. मी बेतायचं, तिने शिवायचं, असं अठ्ठावीस वर्षं सुरळीत चाललं होतं. माझा स्वभाव तिखट आहे, मला मान्य आहे. गिऱ्हाइकं भाव करायला तिच्याकडे जातात आणि कपडा कधी मिळेल हे विचारायला माझ्याकडे येतात, कारण मी तारीख दिली की दिली. तिला मी धाकटीच म्हणते, तिच्या नवऱ्यासमोरसुद्धा.

ही सगळी थेरं सुरू झाली तिच्या मुलीमुळे. मुलगी घरी गेम खेळत बसली होती आणि धाकटी मागे उभी राहून चादरींच्या घड्या घालत होती. पडद्यावर कोणी राणी तलवार उगारून पळत होती. धाकटी म्हणाली, "हिची बाही चुकलीय. हात वर केला की मुंढ्यात ओढ बसायला हवी, इथे काहीच होत नाही. असा कपडा कुठे असतो का?"

मुलगी म्हणाली, "एवढं कळतं तर तूच कर ना, आई."

पोरींनी बोलावं आणि आयांनी सोडून द्यावं, ही जगाची रीत. हिने मात्र मनावर घेतलं. मुलगी पुढे नर्सिंगला दुसऱ्या गावी गेली, कॉम्प्युटर घरीच राहिला, आणि ही बया दुपारच्या सुट्टीत त्यावर बाह्या काढायला लागली. दोन वर्षांनी एक दिवस टेबलावर कागद ठेवून म्हणाली, "ताई, मला प्रवेश मिळालाय. तीन वर्षांचा कोर्स आहे."

"कसला?"

"गेममधली माणसं, त्यांचे कपडे, घरं, झाडं. सगळं बनवायला शिकवतात."

"ऐकावं ते नवलच! केस पांढरे व्हायला लागले आणि आता बाहुल्या खेळणार?"

तिचा नवरा बस चालवतो. शांत माणूस, घरातही हॉर्न न वाजवणारा. तो म्हणाला, "जाऊ दे की तिला." म्हणजे सगळा वाईटपणा माझ्या वाट्याला. मी चार दिवस तिच्याशी फक्त धाग्याचे रंग बोलले. पाचव्या दिवशी म्हणाले, "तीन वर्षं देते. पास झालीस तर तुझा रस्ता तुला मोकळा. नापास झालीस तर मुकाट्याने मशीनवर येऊन बसायचं." ती लगेच हो म्हणाली. मला वाटलं, चला, तीन वर्षं काढायची, मग येतेच आहे परत. तिला काय जमणार आहे!

खोटं कशाला बोलू? ती नापास व्हावी असंच मला वाटत होतं. तिचं वाईट व्हावं म्हणून नव्हे. ती समोर नसली की मला दुकानात करमत नव्हतं, एवढंच.

पहिलं वर्ष माझ्या बाजूचं गेलं. वर्गात सगळी विशीतली पोरं. कॉम्प्युटरवर त्यांची बोटं पळायची आणि ही चष्मा वर-खाली करत एकेक बटण शोधायची. दाढीवाले म्हणून एक सर होते, त्यांनी राक्षस काढायला सांगितला. बाकीच्यांनी शिंगं, सुळे, नखं काढली. हिने आधी राक्षसाची मापं काढली. छाती बहात्तर, कंबर साठ, बाही चाळीस. आणि सरांना विचारलं, "हा बसतो का? बसत असेल तर विजार मांडीत सैल ठेवावी लागेल." अख्खा वर्ग खो खो हसला. मला हे सांगताना ती स्वतःच इतकी हसत होती, की मला रागवायला जागाच राहिली नाही.

दुसऱ्या वर्षी मात्र चक्र फिरलं. झालं असं, की कॉम्प्युटरवर जो पुतळा करतात, त्याचं कातडं सोलल्यासारखं काढून सपाट पसरावं लागतं, म्हणजे त्यावर रंग भरता येतात. कुठे कापायचं, कुठला तुकडा कुठे ठेवायचा, जोड कुठे लपवायचा, यात पोरं आठवडाभर डोकी आपटत होती. हिने पाहिलं आणि म्हणाली, "अहो, हे तर बेतणं आहे!" जोड काखेत आणि मांडीच्या आतल्या बाजूला घेतले, तुकडे असे चपखल बसवले की मधे चिंधीएवढीही जागा वाया गेली नाही. दाढीवाल्या सरांनी तिचं काम भिंतीवर लावलं. तेव्हापासून पोरं तिला "मावशी, जरा माझं बघता का?" म्हणत रांगेत उभी राहायला लागली. बेतणं तिने माझ्याकडूनच उचललं होतं, माझ्या शेजारी उभी राहून. मला अभिमान वाटला, आणि ही आता पास होणार की काय अशी धास्तीही.

शेवटच्या वर्षी तिघांनी मिळून एक गेम करायचा होता. तो चालवून दाखवायचा, बाहेरून आलेले परीक्षक खेळून बघणार, आणि त्यात नापास म्हणजे कोर्समध्येच नापास. हिच्या गटात चष्मेवाली एक मुलगी, ती गेम चालता करणार. एक मुका म्हणून मुलगा, मुका नव्हता, बोलायचा नाही एवढंच, तो घरं आणि रस्ते करणार. आणि माणसं ही करणार. गेममधे एक पोस्टमन बाई वादळात घरोघर पत्रं पोचवते. तिचा लांब कोट वाऱ्याने फडफडतो आणि त्यावरूनच खेळणाऱ्याला वाऱ्याची दिशा कळते. म्हणजे सगळी मदार कोटावर.

परीक्षा गुरुवारी होती. मंगळवारी दुपारी धाकटी दुकानात आली. मी गणवेश बेतत होते. तिने टेबलावरचं कापड बाजूला सरकवून लॅपटॉप ठेवला. तेही खडूच्या खुणा केलेलं कापड! पण तिचा चेहरा बघून मी खडू खाली ठेवला.

"ताई, बघ जरा," म्हणाली.

पोस्टमन बाई गल्लीत उभी होती. कोट तर काय सुरेख होता! कॉलरचं वळण, खांद्याची घडण, खाली घेर. धाकटीने बटण दाबलं. बाईने एक पाऊल उचललं आणि पाऊल हवेतच राहिलं. मग एक उचकी, अर्धं पाऊल, पुन्हा थांबली. वादळ बिचारं तिच्यासाठी खोळंबलेलं.

"हिला काय झालं?"

"कोट जड झालाय. गेममधली प्रत्येक वस्तू बारीक बारीक त्रिकोणांची असते. कॉम्प्युटरला ते सगळे त्रिकोण सारखे हलवावे लागतात. अख्ख्या बाईला मिळून तीस हजार चालतात. एकट्या कोटाचे सहा लाख झालेत."

"एका कोटात एवढं काय भरलंस?"

तिने कोट उघडून दाखवला. मी बघतच राहिले. आत पूर्ण अस्तर होतं, वेगळं बेतून लावलेलं. पाठीत मधोमध अस्तराला सैल चुणी, हात पुढे नेला की फाटू नये म्हणून. आतले दोन खिसे, त्यांना तळ. बटणांच्या मागे आधाराची छोटी बटणं. शिवणीत माया सोडलेली, उद्या बाई जाड झाली तर कोट सैल करता यावा म्हणून! आणि प्रत्येक टाका वेगळा घातलेला. चित्रातली बाई जाड होणार होती का? पण धाकटीचा हातच तसा वळलेला.

वळवला कोणी? मी. सोळा वर्षांची असताना तिने पहिला झगा शिवला, तेव्हा बाहेरून झकास आणि आतून दोऱ्यांचं जंगल. मी गिऱ्हाइकासमोर तो उलटा केला आणि तिथल्या तिथे उसवला. "आतली बाजू बाहेरच्याइतकीच स्वच्छ हवी," असं बजावलं. ती रडली होती. पुन्हा कधी तिच्या हातून आतून घाण कपडा गेला नाही.

नाकापेक्षा मोती जड झाला होता, आणि इलाज काय तो मला बघताक्षणीच कळला. आमच्या धंद्यातलं कोणीही सांगू शकलं असतं. पण मी गप्प बसले. सुई नव्हती ओवायची तरी सुई ओवायला घेतली. मनात म्हटलं, हिला सुचलं नाही तर परवा नापास होईल. सोमवारी समोरच्या मशीनवर येऊन बसेल. दोघी चहा घेऊ, गिऱ्हाइकांची नक्कल करू, पूर्वीसारखं. माझं तोंड बंद ठेवायचं, बस्स. यात पाप ते काय?

धाकटी लॅपटॉपवर वाकली होती. पुन्हा पुन्हा बटण दाबत होती आणि ती बाई पुन्हा पुन्हा पाय उचलून अडकत होती. हातात पत्र तसंच. मला ते बघवेना. तीन वर्षं ही बाई घर सांभाळून, पोरांच्यात बसून, चष्मा वर-खाली करत इथवर आली आणि मी मेली सुई ओवत बसलेय!

"जळ्ळं तुझं अस्तर," मी ओरडलेच. "अगं, नाटकातल्या राजाचा अंगरखा शिवतो तेव्हा अस्तर लावतो का आपण?"

ती माझ्याकडे बघायला लागली.

"लावतो का, सांग. राजा काय उलटा होऊन दाखवणार आहे? खिशाच्या जागी नुसती पट्टी असते. बटणं वरून टाकलेली, आत हूक. लांबून टाके दिसावेत म्हणून आपण ते रंगाने काढतो. मग हेही नाटकच की! जे दिसतं तेवढं ठेव. कॉलर आणि बाह्यांचं तोंड बोटभर आत वळव, फडफडलं की तेवढंच दिसेल. बाकी सगळं उसव."

"सगळं?"

"सगळं. मी सांगतेय ना."

तिने तिथेच काम सुरू केलं. मी शेजारी स्टूल ओढून बसले आणि "हे काढ, ते राहू दे" करत राहिले. अस्तर एका फटक्यात गेलं. आतल्या खिशांपाशी तिचा हात थांबला, तेव्हा मीच पुसायचं बटण दाबलं. टाके पुसून तिने ते ब्रशने रंगवले, आणि खरं सांगते, फरक ओळखू आला नाही. दोन गिऱ्हाइकं येऊन परत गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी गणवेशांची तारीख चुकवली. दिवेलागणीच्या आत पोस्टमन बाई गल्लीभर चालली, वळली, पळाली, कोट असा फडफडला की मी आपसूक माझा पदर आवरला.

गुरुवारी दुकान बंद ठेवून मी गेले. मोठ्या खोलीत टेबलं मांडलेली, प्रत्येकावर एक गेम. परीक्षक बाई खुर्चीवर बसल्या आणि खेळायला लागल्या. चष्मेवाली नखं खात होती, मुका भिंतीला टेकून होता, धाकटी माझा हात इतका दाबत होती की बांगडी रुतली. परीक्षक बाईंनी चार घरांत पत्रं टाकली. पाचव्या घरापाशी वारा फिरला. त्यांनी कोट कुठे उडतोय ते बघितलं, बाईला भिंतीच्या आडोशाला नेलं आणि स्वतःशीच हसल्या. दहा मिनिटांचा वेळ होता, त्या पंचवीस मिनिटं खेळल्या. तेव्हाच मला निकाल कळला. कागदावर तो तासाभराने आला. धाकटी पास, वर्गात तिसरी. आणि गेम बनवणाऱ्या एका कंपनीने तिला दुसऱ्या दिवशी भेटायला बोलावलं.

मला रडू आलं. आनंदाचं होतं, आणि थोडं माझं स्वतःचंही होतं.

नंतर आम्ही दोघी कॅन्टीनमधे चहा घेत बसलो. मनात ठेवून घ्यायची सवय मला नाही. म्हटलं, "एक सांगते, राग धरू नकोस. तू नापास व्हावीस असं मला वाटत होतं. तीन वर्षं वाटत होतं. परवासुद्धा मी मुद्दाम गप्प बसले होते."

"माहीत आहे," ती म्हणाली. "दोरा नसलेली सुई ओवत होतीस."

"आणि तरी मला विचारायला आलीस?"

तिने कप खाली ठेवला. "अस्तर काढ म्हणून सरांनी तीन आठवड्यांपूर्वीच सांगितलं होतं, ताई. चष्मेवाली तर रोज हात जोडत होती. मला कळत होतं. पण हात होत नव्हता. वाटायचं, तू येऊन कोट उलटा करून बघशील."

मी माझा चहा बाजूला सरकवला.

"म्हणून आले. तू राहू दे म्हणाली असतीस तर राहू दिलं असतं. नापास झाले असते आणि सोमवारी मशीनवर येऊन बसले असते. वाईटही वाटलं नसतं फारसं."

म्हणजे ती परत यायला तयार होती. मी नुसती गप्प राहिले असते तरी चाललं असतं. मीच माझ्या तोंडाने तिला सोडलं होतं, आणि सोडताना मला ते कळलंही नव्हतं. आता मात्र कळलं, आणि गंमत म्हणजे वाईट वाटलं नाही. उलट छातीवरचं ओझं उतरलं.

"उद्या कंपनीत काय घालून जाणार आहेस?" मी विचारलं.

"काहीतरी घालेन."

"काहीतरी नाही. चल दुकानात, मापं देऊन जा. सकाळपर्यंत शिवून ठेवते."