चाई आणि लांब बाहीचा झंपर

इसब मला लहानपणापासून. कोपरांच्या घडीत खाज सुटायची, थंडीत कातडी फाटायची. घराला त्याची सवय झाली होती. पण एकोणिसाव्या वर्षी, सत्तर सालाच्या आसपास, कानामागे चाई पडली आणि घर हादरलं. रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा, त्यावर एक केस नाही. इसब पदराखाली झाकता यायचं. पण तेव्हा मुलगी बघायला आलेल्या बायका वेणी सोडून केस हाताळायच्या. आणि महिन्याभरात गडहिंग्लजचं स्थळ येणार होतं. मुलगा मला फोटोवरूनच आवडला होता, खोटं कशाला बोलू!

आत्याने इलाज काढला. बिब्बा तापवून त्याचं तेल चट्ट्यावर लावलं.

"आग हुईल, पर केस उगवत्यात बघ."

आग झालीच. फोड आले, कान सुजला आणि शांत असलेलं इसब मानेपर्यंत चढलं. आगीतून फुफाट्यात.

मग आईने मला राजारामपुरीत कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी बिब्ब्यावरून आम्हाला झापलं. मग सांगितलं, इसब असलेल्यांना चाई पडण्याची शक्यता जरा जास्तच. शरीर आपल्याच केसांच्या मुळांना परकं समजून त्यांच्यावर उठतं. शिवल्याने पसरत नाही, केस बहुतेक परत येतात.

"घरात आणखी कोणाला असं काही?"

"न्हाय की, कुणालाच न्हाय," आई म्हणाली. आम्ही मलम घेऊन परतलो.

बघायच्या दिवशी आईने माझ्या वेणीत गंगावन, म्हणजे विकतचे केस, गुंफले आणि वर भला थोरला गजरा माळला. मुलाच्या आईने चहा संपवला, उठून वेणीला हात घातला आणि गंगावन तिच्या हातातच आलं, कानामागचा चट्टा उघडा पडला. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं.

"ह्ये कोड तर न्हवं?"

"न्हाय वो, चाई हाय. कुणाला लागत न्हाय," आत्या म्हणाली.

"पर आलं कुठनं? घरात कुणाला हाय का?"

आत्याने लगेच नकारार्थी मान हलवली. आई मात्र उठली. ती भर उन्हाळ्यातही लांब बाहीचा झंपर घालायची, आम्ही तिला जुन्या वळणाची म्हणून चिडवायचो. तिने बाही कोपराच्या वर सरकवली. आतली कातडी काळवंडलेली, जाड, ओरबाडलेली; माझ्यासारखंच इसब.

"माझ्याकडनं आलंय. पोरीचा दोष न्हाय."

स्थळ मोडलं. मी रडले, आईवर चिडलेही. डॉक्टरांना सांगायचं ते हिने पाहुण्यांना सांगितलं! दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी माझ्या चट्ट्याला मलम लावायला बसली. मी तिच्या हातातून डबी काढून घेतली.

"आधी बाही वर कर," मी म्हटलं.