बजावून सांगितलं होतं

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, तुरुंगात पहारेकरी. आवाज असा, की सहकारी त्यांना तोफच म्हणत. बंदूक घेऊन मनोऱ्यावर उभं राहायचं, हे त्यांचं काम. खाली कैद्यांचा भाजीचा मळा आणि मळ्याच्या कडेनं चुन्याची रेघ. कैदी रेघेबाहेर गेला की तीनदा ओरडून बजावायचं. तरी थांबला नाही तर कुठल्याही मनोऱ्यावरून गोळी घालायची, असा नियम.

मळ्यात एकजण कोबी लावायचा, म्हणून त्याचं नावच कोबी पडलं. सुटका तोंडावर आली होती. पाण्याची नळी ओढताना त्याचा पाय हमखास रेघेबाहेर पडायचा आणि भाऊजी वरून गरजायचे, "थांब! गोळी घालीन!" तो म्हणायचा, "घाला, पण कोबी सांभाळून!" रोजची थट्टा. भाऊजी ती जेवताना रंगवून सांगत आणि आम्ही पोट धरून हसायचो.

त्या दिवशी पलीकडच्या मनोऱ्यावर नवा पहारेकरी होता. अडकलेली नळी सोडवायला कोबी रेघेबाहेर गेला. भाऊजी नेहमीच्या झोकात तीनदा ओरडले. कोबी हसत पुढे गेला आणि नव्या पहारेकऱ्यानं गोळी झाडली. त्यानं बिचाऱ्यानं नियमच पाळला.

"साहेब, तो पळत नव्हता. मी थट्टेत ओरडलो," भाऊजींनी सांगून पाहिलं.

साहेबांनी दार लोटलं. "थट्टा? हे बाहेर बोललास तर तुझी नोकरी गेलीच म्हणून समज. मुली शिकतायत ना? तीनदा बजावलं होतंस की नाही?"

"बजावलं होतं."

"मग झालं तर."

कोबी पळताना मारला गेला, असं ठरलं. साहेबांची मला चीड येते. भाऊजींचीही येते, पण ताईचा चेहरा बघून मी गप्प बसतो.

पुढे एकदा कोबीची आई पत्ता काढत घरी आली. मी तिथेच होतो.

"दादा, तुम्ही त्याला ओरडून ओरडून थांबवत होता म्हणे. तुमचे उपकार आहेत."

भाऊजींनी तोंड उघडलं. स्वयंपाकघराच्या दारात ताई उभी होती. तिच्याकडे पाहून त्यांनी ते मिटलं.

"थोडे दिवस राहिले होते," म्हातारी म्हणाली, "तेवढाही धीर निघाला नाही मेल्याला. इतका राग आलाय, अजून रडलेसुद्धा नाही मी त्याच्यासाठी. त्याला काही मी माफ करायची नाही."

भाऊजी म्हणाले, "बरं."