कपाटवालीचा भाऊ

दातांच्या लॅबमध्ये त्याला सगळे जबडा म्हणत. एक तर तो दिवसभर प्लास्टरचे जबडे हातात घेऊन बसे, आणि दुसरं म्हणजे त्याचा स्वतःचा जबडा कधी मिटत नसे. दवाखान्यांतून मापं यायची, जबडा त्यावर मेणात दात रोवायचा, कवळी तयार करायचा, घासायचा, चकचकीत करून परत पाठवायचा. हात कवळीवर असत आणि तोंड सिनेमावर.

मतं ठरलेली होती. ‘‘भूत यायच्या आधी संगीत वाजलं की ते भूत नाही, पाहुणा. वर्दी देऊन येतो.’’ राक्षसाचे सुळे तर तो धंद्याच्या नजरेनं बघे. ‘‘हे असले सुळे लावून याला पाणी पिता येणार नाही, रक्त काय पितोय!’’ छोट्या, स्वतंत्र सिनेमांबद्दल त्याचं म्हणणं आणखी तिखट होतं. ‘‘स्वतंत्र सिनेमा म्हणजे काय? ज्याला वेळेवर कुणी थांबवलं नाही तो. माणूस खिडकीबाहेर बघतोय, बघतोय, तोवर माझी कवळी घासून होते.’’ सगळ्यांत लाडके होते ते कल्ट सिनेमे. पडलेले, फसलेले आणि पुढं कुणीतरी उकरून डोक्यावर घेतलेले. ‘‘कल्ट काढता येत नाही, तो होतो. काढणाऱ्यानं जीव ओतलेला पाहिजे आणि त्याला काही म्हणजे काही येत नसलं पाहिजे. मग बघा मजा.’’

ही मजा दर रविवारी दुपारी लॅबच्या मागच्या खोलीत चाले. मालकानं किल्ली दिली होती. समोर पांढरी भिंत, बाजूच्या फळ्यांवर रुग्णांची नावं चिकटवलेले जबडे ओळीनं मांडलेले, मधे खुर्च्या. येणाऱ्यांत एक भूलतज्ज्ञ होते, एक विमा एजंट, एक ग्रंथपाल बाई आणि अधूनमधून उगवणारे काही जण. जबडा स्वतः कधी बसत नसे. तो प्रोजेक्टरपाशी उभा राही.

या मंडळींचा एक नियम होता, आणि तो जबड्यानंच घातला होता. सिनेमाचा कंटाळा आला की तोंडानं बोलायचं नाही. उठायचं, आपली खुर्ची फिरवायची आणि पडद्याकडं पाठ करून बसायचं. जोवर एक तरी खुर्ची पडद्याकडं तोंड करून आहे तोवर सिनेमा चालू ठेवायचा. शेवटची खुर्ची फिरली की बंद. ‘‘वाईट सिनेमाला लोक हसतात. हसणं हा मान आहे,’’ जबडा नव्या माणसाला समजावून सांगे. ‘‘पाठ फक्त फालतू सिनेमाला मिळते.’’

ज्या सिनेमाला आजवर एकही पाठ मिळाली नव्हती, त्याला ही मंडळी ‘कपाटवाली’ म्हणत. जुना, स्वस्तातला भयपट. एका घरातल्या कपाटात मेलेल्या बाईचं भूत राहतं. घरधनी कपाट उघडतो, पांढऱ्या साडीतली बाई हात पसरून बाहेर येते आणि म्हणते, ‘‘दार लावू नका, मला थंडी वाजते.’’ तेवढ्यात तिचा डावीकडचा सुळा गळून पडतो. ती तो झेलायला जाते, झेलता येत नाही, आणि तशीच पुढचं वाक्य म्हणते. या जागी सगळी खोली एका सुरात ओरडे, ‘‘मग स्वेटर घाल!’’ आणि सुळा पडताना भूलतज्ज्ञ म्हणत, ‘‘पुढचा पेशंट!’’ हे गेली कित्येक वर्षं चाललं होतं आणि दर वेळी लोक तितकेच हसत.

ती बाई जबड्याची सख्खी थोरली बहीण होती. हे त्यानं मंडळींना कधी सांगितलं नव्हतं.

ताईनं आयुष्यात तो एकच सिनेमा केला. तो आठवडाभरात उतरला. पुढं ती सरकारी इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत कपाटातून बाहेर येतानाचा तिचा फोटो फ्रेम करून लावलेला होता. जबडा तिच्याकडं गेला की ती जेवण वाढता वाढता सहज विचारल्यासारखं विचारी, ‘‘लोक बघतात का रे अजून?’’

‘‘बघतात म्हणजे? खोली भरते. शब्द न् शब्द पाठ आहे लोकांना.’’

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. ती मग त्याला आणखी एक पोळी वाढी.

अलीकडं खोली भरत नव्हती. लोक घरीच मोबाइलवर बघत. एका रविवारी विमा एजंट म्हणाला, ‘‘जबडेसाहेब, रागावू नका, पण आता तुमच्याकडं असं काय आहे जे मला फोनवर मिळत नाही?’’

जबड्याला उत्तर न सुचण्याची सवय नव्हती, म्हणून तो जे बोलायचं नव्हतं ते बोलून गेला. ‘‘कपाटवाली आहे. माझी सख्खी बहीण आहे ती.’’

खोलीत एकदम गलका झाला. ‘‘काय सांगता!’’ ‘‘जिवंत आहेत?’’ ‘‘आणा की मग!’’ ग्रंथपाल बाई तेवढ्या म्हणाल्या, ‘‘त्यांना माहीत आहे ना, आपण कसा बघतो ते?’’

‘‘तिला आवडेल,’’ जबडा म्हणाला.

त्याला दोन गोष्टी करता आल्या असत्या. मंडळींना म्हणता आलं असतं, त्या दिवशी ओरडू नका. किंवा ताईला सांगता आलं असतं, लोक हसतात, तयारीनं ये. पहिलं केलं असतं तर मजा गेली असती, दुसरं केलं असतं तर ती आली नसती. तो तिच्याकडं गेला आणि म्हणाला, ‘‘ताई, तुझा सत्कार करायचाय लोकांना.’’

ती ठेवणीतली साडी नेसून आली. केस रंगवले होते. खोली खरोखरच भरली होती, खालच्या शिवणयंत्राच्या दुकानातून जास्तीच्या खुर्च्या आणाव्या लागल्या. तिला पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. भाषणासाठी तिनं घरून काहीतरी ठरवून आणलं असावं, कारण सिनेमा सुरू होईपर्यंत तिचे ओठ हलत होते.

मग कपाट उघडलं. ‘‘दार लावू नका, मला थंडी वाजते.’’

‘‘मग स्वेटर घाल!’’

आज माणसं जास्त होती, म्हणून आवाजही जास्त होता. मागून कुणीतरी खरोखरच स्वेटर फेकला. तो तिच्या खांद्यावरून ओघळून मांडीवर पडला. सुळा गळला. ‘‘पुढचा पेशंट!’’ भूलतज्ज्ञांना हसता हसता ठसका लागला. जबडा प्रोजेक्टरपाशी उभा होता. तिथून त्याला तिची फक्त मान दिसत होती. मान हलली नाही. तिनं स्वेटरची नीट घडी केली आणि शेवटपर्यंत मांडीवर ठेवली.

दिवे लागल्यावर एजंटनं विचारलं, ‘‘ताई, तो दात पडला तो सीन परत का नाही घेतला?’’

‘‘दुसरा दात नव्हता,’’ ती म्हणाली. ‘‘ज्यानं करून दिले होते तो नवशिक्या होता. बसवताना म्हणाला, अगदी पक्के बसलेत, घाबरू नकोस.’’

लोक हसले. जबडाही हसला. ते दात त्यानंच केले होते, कामाला लागला त्या वर्षी. तिनं नाव घेतलं नाही, याचा त्यानं असा अर्थ काढला की तिला फारसं लागलेलं नाही.

जिन्यात तो म्हणाला, ‘‘बघितलंस ना, किती प्रेम करतात लोक?’’

‘‘हो ना. आणि मघाशी तू त्या नव्या लोकांना काय सांगितलंस, पाठ फक्त फालतूला मिळते?’’

‘‘हो.’’

‘‘माझ्याकडं कुणी नाही फिरवली पाठ.’’

‘‘कधीच नाही. तेच तर!’’

‘‘पुढच्या रविवारी मी एक आणते,’’ ती म्हणाली. ‘‘घरातलाच आहे.’’

जबड्याला वाटलं, शूटिंगच्या वेळचं काही उरलंसुरलं असेल. त्यानं सगळ्यांना फोन केले.

ताईनं पेनड्राइव्ह आणला होता. फोटो स्टुडिओतून जुन्या टेपवरून उतरवून घेतलेला. त्यानं तो लावला आणि भिंतीवर अक्षरं उमटली, तेव्हा कुठं त्याला कळलं. तरुणपणी, ताईचा सिनेमा पडल्यावर, खरा सिनेमा कसा असतो ते जगाला दाखवायला त्यानं मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर एक लघुपट काढला होता. एक माणूस खिडकीशी बसून भावाच्या पत्राची वाट बघतो. पत्र येत नाही. टेप घर बदलताना हरवली, असं तो तिला म्हणाला होता. ती ‘बरं’ म्हणाली होती. होती तर तिच्याच कपाटात.

‘‘ताई, हा नको.’’

‘‘का? चांगलाय की. छोट्याचा आहे हो,’’ ती मागं वळून सगळ्यांना म्हणाली. ‘‘यानं स्वतः काढलाय.’’

पन्नाशीच्या माणसाला छोट्या म्हटल्यावर हशा झाला. तो त्या दुपारचा शेवटचा हशा. भिंतीवरचा माणूस खिडकीबाहेर बघत होता. लोक हसायला टपून बसले होते, काहीतरी पडेल, कुणीतरी अडखळेल म्हणून. काही पडलं नाही. सगळं नीट होतं, जागच्या जागी होतं आणि त्यात काहीच नव्हतं. जबडा मनात म्हणत होता, हसा. एकदा तरी हसा.

पहिली खुर्ची एजंटची फिरली. मग आणखी दोन. भूलतज्ज्ञ आधीच झोपले होते. शेजाऱ्यानं त्यांना उठवलं, त्यांनी डोळे चोळत खुर्ची फिरवली आणि पुन्हा डोळे मिटले. ग्रंथपाल बाईंनी बराच वेळ धीर धरला. त्यांनी फिरवताना हळूच ‘‘माफ करा’’ म्हटलं, आणि ते सगळ्यांत वाईट होतं. आता सगळ्यांचे चेहरे त्याच्याकडं होते. कुणी नखं बघत होतं, कुणी फोन.

पडद्याकडं तोंड करून एकच खुर्ची उरली.

‘‘ताई, फिरव,’’ तो पुढं जाऊन कुजबुजला.

‘‘मी बघतेय.’’

‘‘तुला आवडत नाहीये.’’

‘‘मला कळत नाही रे आवडणं-बिवडणं. नियम तुझाच ना? मग लाव. सरक, दिसत नाही.’’

तो परत प्रोजेक्टरपाशी जाऊन उभा राहिला. माणूस उठला, पाणी प्याला, पुन्हा खिडकीशी बसला. संध्याकाळ झाल्याचं दाखवलं होतं. शूटिंगच्या वेळी ताईनंच खिडकीबाहेर बादली उपडी घालून, तिच्यावर उभं राहून दिवा धरला होता. ‘हलू नकोस, सावली हलते’ म्हणून तो तिच्यावर ओरडत होता.

शेवटी नावं आली. सगळ्यांच्या पाठी होत्या, म्हणून ताईनं ती मोठ्यानं वाचायला घेतली. केसपेपरच्या खिडकीवर नाव पुकारायची तसा आवाज काढून. कथा, पटकथा, संकलन, दिग्दर्शन. दर वेळी तेच एक नाव, त्याचं, आडनावासकट. प्रकाशयोजनेपाशी ती जरा थांबली. तिथंही तेच नाव होतं. ‘ऋणनिर्देश’ लिहिलं होतं, त्याखाली कॅमेरा देणाऱ्याचं नाव.

‘‘सगळं एकट्यानंच केलंस की रे,’’ ती म्हणाली.

भिंत पांढरी झाली.

‘‘संपला का?’’ एजंटनं न वळता विचारलं.

‘‘संपला,’’ ताई म्हणाली.

खुर्च्या सरळ करताना कुणी जबड्याकडं बघितलं नाही. चहा आला, कप फिरले. सगळे तिच्याभोवती जमले. ‘‘ताई, पुढच्या रविवारी येताय ना? तुमचा लावू या परत.’’

‘‘त्याला विचारा. त्याचं मंडळ आहे.’’

सगळे वळले. जबडा फळीवरचा एक जबडा उचलून त्याची धूळ पुसत होता.

‘‘लावू,’’ तो म्हणाला.

‘‘आणि तो स्वेटर कुणाचा होता?’’ ताईनं पिशवीतून घडी काढली. ‘‘घ्या हो. पुढच्या वेळी जरा नेम धरून फेका.’’