बाहेर आलेल्यांची मोजणी

सोमवार, १२ मार्च २००७. रक्कम पन्नास हजार रुपये. हजर: आमच्या कंपनीच्या एचआर मॅनेजर बाई, आम्हाला फायर क्रू पुरवणारा कंत्राटदार, त्या क्रूचा तांडेल म्हणजे प्रमुख, दवाखान्यात पडलेल्या फायरमनची बायको आणि मी. कंपनीचं अ‍ॅडमिन आणि किरकोळ हिशेब माझ्याकडे असत, म्हणून मी.

चेक टेबलावर होता. त्याखाली एक छापील पत्र होतं. फायरमन नियम मोडून स्वतःच्या जबाबदारीवर आत थांबला, त्यामुळे झालेल्या इजेबद्दल कोणाकडेही पुढे काही मागणार नाही, असा मजकूर. खाली तिची सही हवी होती.

ती बाई वर्ध्याकडची. लग्नाला दोन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. पत्र तिनं नीट वाचलं आणि विचारलं, "सही केली तर ते कामावर परत येतील का जी?"

"आधी बरा तर होऊ दे," कंत्राटदार म्हणाला. "हे मी माणुसकी म्हणून देतोय, ताई. कायद्यानं काहीच बसत नाही."

तिला पैसे हवे होतेच. पण नवरा स्वतःच्या चुकीनं भाजला असं लिहून द्यायचं होतं, आणि तसं एकदा लिहून दिलं की कामाचा आणि भरपाईचा दोन्ही रस्ता बंद होत होता. पेन हातात धरून ती तांडेलांकडे बघत राहिली.

हे इथवर कसं आलं ते सांगतो.

मी आधी चिंचवडच्या एका कारखान्यात टाइमकीपर होतो. तिथं गेटवर प्रत्येकाचा पितळी बिल्ला असे. आत जाताना फळ्यावरून काढायचा, बाहेर येताना लावायचा. फळा बघितला की आत किती माणसं आहेत ते कळत असे. कारखाना बंद पडला, मी स्वेच्छानिवृत्तीचे पैसे घेतले, बिबवेवाडीतल्या फ्लॅटचं कर्ज फेडलं आणि ओळखीतून या सॉफ्टवेअर कंपनीत लागलो. इथं बिल्ल्याऐवजी कार्ड होतं. दाराशी दाखवलं की टुक् आवाज होऊन दार उघडे आणि कंप्यूटरमध्ये नोंद होई. परदेशी क्लायंटच्या अटीमुळे इमारतीत स्वतःचा फायर क्रू ठेवावा लागला. पाळीला चार माणसं, पाठीवर बांधायचे हवेचे दोन सेट, आणि वर तांडेल.

तांडेल मूळचे लोणी काळभोरचे, सरकारी अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. पासष्टीला टेकलेले, पण सकाळी सातला पार्किंगमध्ये परेड घेत. चौघांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधून तळघरात रांगायला लावत. एक हात भिंतीला, दुसरा पुढे, आणि तोही पालथा, कारण उघडी वायर तळहाताला लागली तर मूठ मिटते आणि सुटत नाही. जोडीनं आत जायचं, कमरेला दोरी. बाटलीतली हवा संपत आली की सेटची शिट्टी वाजते. ती वाजली की मागे फिरायचं.

"शिट्टी झाली की सख्खा भाऊ आत आसला तरी भाईर यायचं," ते सांगत. "एकाचं दोन मुडदे करायला आपण शिकल्यालो न्हाय."

आमच्या लोकांना या सगळ्याची गंमत वाटे. महिन्याला एक ड्रिल होई. घंटा वाजली की लोक कॉफीचे कप घेऊन, गप्पा मारत खाली येत. एकदा तिसऱ्या मजल्यावरचा एक टीम लीडर उठलाच नाही. "काका, क्लायंट कॉल आहे. आमची टीम मेली असं धरा ना."

"धरतो की," तांडेल म्हणाले. "पर मग मेलेल्यांनी एक वाजता कँटीनमधी दिसू नये. बाकीच्यांस्नी भ्या वाटतं."

मी मात्र त्यांच्याकडून मोजणी शिकलो. ड्रिलच्या वेळी कार्डाच्या नोंदींचा कागद काढायचा आणि खाली आलेली डोकी मोजायची, हे माझं काम. पहिल्या खेपेला मी त्यांना कोणत्या विभागाचे किती, रजेवर किती, असं सगळं सांगायला लागलो. त्यांनी हात वर केला. "सायेब, गोष्ट नको. आकडा सांगा, आन् मोठ्यांदा सांगा. आकडा जुळला तर आमी पानी मारतो. कमी आला तर मानूस हुडकतो. तिथं मग कुनाच्या आर्डरची वाट बघत न्हाय."

फायरमन त्या चौघांतला सगळ्यात तरुण. नागपूरला सहा महिन्यांचा कोर्स करून आलेला. पगार महिना चार हजार आठशे. दोन जिने चढून राहायची खोली, बायको एका शिवणकामाच्या कारखान्यात. परेडला त्याचे गमबूट सगळ्यांत स्वच्छ असत. मी एकदा त्याला विचारलं होतं, इतक्या लांब येऊन हे काम कशाला? तो म्हणाला, "भरती निघून नाही राहिली ना, साहेब. निघाली की अनुभव लागते. तोच जमा करून राहिलो."

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी जेवणानंतर, तिसऱ्या मजल्यावर यूपीएसच्या बॅटऱ्यांच्या खोलीत आग लागली. ज्वाळा फारशा नव्हत्या, धूर होता. पिवळट काळा, घशात तिखट लागणारा. या वेळी कोणी कॉफी आणली नाही. तांडेल आणि तो फायरमन सेट बांधून वर गेले, वीज तोडली, खोलीचं दार ओढून घेतलं आणि खाली आले. शहरातले बंब निघाले होते, पण पुलाच्या कामामुळे रस्ता तुंबलेला.

मी पार्किंगमध्ये कागद घेऊन उभा होतो. नोंदीप्रमाणे आत एकशे सत्त्याऐंशी. डोकी एकशे शहाऐंशी. पुन्हा मोजली. तेच.

"एक कमी," मी ओरडलो.

कोण कमी तेही दोन मिनिटांत निघालं. टेस्टिंगमधला एक मुलगा. त्याच्या शेजारच्यानं सांगितलं, त्याचा मोबाइल टेबलावर चार्जिंगला लावलेला आहे. एचआर बाईंनी लगेच तो नंबर लावला. रिंग जात होती, कोणी उचलत नव्हतं. "उचल रे, उचल," असं म्हणत त्या पुन्हा पुन्हा लावत होत्या.

तांडेलांनी फायरमनच्या बाटलीचा काटा बघितला, स्वतःचा बघितला. दोघांच्याही निम्म्यावर होत्या. जादा बाटल्या भरायला गेल्या होत्या. दोघं पुन्हा आत गेले.

पुढचं तांडेलांनी मला नंतर सांगितलं. हॉलमध्ये हात दिसत नव्हता. भिंत धरून ते निम्म्यापर्यंत गेले असतील तोवर दोघांच्या शिट्ट्या थोड्या अंतरानं वाजल्या. त्यांनी दोरीला तीन झटके दिले, म्हणजे परत फिर. पलीकडून एक झटका आला, म्हणजे कळलं. ते जिन्यापर्यंत आले, दोरी ओढली, तर टोकाचा हूक मोकळा. त्यांच्या स्वतःच्या बाटलीत काही उरलं नव्हतं. त्यांनी दारातून हाका मारल्या. तेवढ्यात बंबावरची माणसं नवे सेट बांधून जिना चढून आली, त्यांनी त्याला आणलं. टेबलांच्या रांगेत पालथा पडला होता. हवा संपल्यावर मास्क तोंडाला चिकटतो, गुदमरतं, माणूस तो काढतोच. त्यानंही काढला होता.

त्याला खाली आणून झोपवलं तेव्हा टेस्टिंगमधला तो मुलगा गर्दीतून पुढे आला. तो समोरच्या टपरीवर चहा पीत उभा होता आणि तिथूनच आमची आग बघत होता. जेवणाच्या सुट्टीत तो बाहेर गेला तेव्हा पुढच्यानं त्याच्यासाठी दार धरून ठेवलं होतं. कार्ड दाखवायची गरजच पडली नाही. आमच्याकडे सगळेच एकमेकांसाठी दार धरत. मागच्याच्या तोंडावर दार लावणं असभ्य समजलं जाई. मी तीनदा ईमेल पाठवून हे बंद करायला सांगितलं होतं. एकानं उत्तर पाठवलं होतं, "काका, चिल."

दवाखान्यात फायरमनला बोलता यायला तीन आठवडे गेले. विषारी धुरानं फुप्फुसं आतून भाजली होती. मी कागदांवर सह्या घ्यायला गेलो होतो. त्यानं मला वाकायला सांगितलं.

"तो माणूस भेटला का?"

"तो बाहेरच होता."

त्यानं डोळे मिटले. म्हणाला, "फोन वाजून राहिला होता, साहेब. बंद व्हायचा, पुन्हा वाजायचा. मला वाटलं, आता हात पुरते."

आता १२ मार्च. कंत्राटदारानं तांडेलांना विचारलं, "शिट्टी वाजली की बाहेर यायचं, हा नियम तुमचाच ना?"

"माझाच."

"त्यानं तो मोडला?"

"मोडला," तांडेल म्हणाले.

"तुम्ही खोटं बोलू शकत होते ना जी," फायरमनची बायको म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुमच्यामागं आत गेले ते."

"बोललो आसतो, पोरी. पर उद्या सात वाजता बाकीच्या तिघांस्नी त्योच नियम सांगायचाय. खोटं बोलून कुठल्या तोंडानं सांगू?"

कंत्राटदारानं चेक तिच्याकडे सरकवला. मी म्हणालो, "तो का थांबला, हे या पत्रात आलेलं नाही."

"का थांबला?"

"टेबलावर फोन वाजत होता. त्या आवाजाच्या रोखानं तो गेला. आत माणूस आहे असं समजून."

"हे तुम्ही आज सांगताय?"

"विचारलंत तुम्ही आज."

"कोणाचा फोन?" एचआर बाईंनी विचारलं, आणि विचारतानाच त्यांना कळलं असावं.

"फोन त्या मुलाचा. लावत तुम्ही होता, मॅडम. आणि एक कमी असं ओरडलो मी. तो स्वतःहून थांबला हे खरं नाही. वर त्याला बोलावणारे आपणच होतो."

मोबाइल बाईंच्या पुढ्यात होता, तो त्यांनी उलटा करून ठेवला. मग पत्र उचलून कंत्राटदाराला परत दिलं. "हे ठेवा तुमच्याकडे. चेकही. कंपनीकडून किती मागायचं, काका?"

मी सांगितलं, पाच वर्षांचा पगार दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार होतो. त्यांनी तीन लाख लिहिले. मंजुरी अमेरिकेहून यायची होती.

बाहेर आल्यावर तांडेल तिच्यासाठी रिक्षा बघायला लागले. ती त्यांच्याशी बोलली नाही, पण रिक्षात बसली. भाडं त्यांनी आधीच देऊन टाकलं होतं.

मार्चअखेर त्याला घरी सोडलं. जिने चढणं शक्य नव्हतं म्हणून खालच्या मजल्यावर कोणाच्या तरी पडवीत दोघं राहिली. चौदा एप्रिलला कामावर मेलेल्या अग्निशमन जवानांसाठी परेड असते. तांडेलांनी त्याला रिक्षानं आणलं, खुर्चीवर बसवलं. हजेरी घेताना त्याचा नंबर पुकारला. तो "हजर" म्हणाला, ते माझ्यापर्यंत आलं नाही. ओठ हलले तेवढे दिसले. तांडेलांनी मान हलवली आणि पुढचा नंबर घेतला. परेड संपल्यावर मी त्याला म्हटलं, दमलास, आता घरी जा. तो थांबत थांबत म्हणाला, "आज दोन कामं असतात, साहेब. आता जयंतीला जायचं आहे." रिक्षात चढायला त्याला दोघांनी धरलं.

मे महिन्यात तो गावी गेला. टेस्टिंगमधला मुलगा त्याच सुमारास दुसऱ्या कंपनीत गेला, पगार दीडपट. जाताना माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "काका, मी काय करायला हवं होतं?" मी म्हटलं, दोन वेळा कार्ड दाखवायला हवं होतं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात फायरमन गावी वारला. मंजुरी जुलैत आली. त्याच्या नावाचा चेक रद्द करून वारस दाखल्याची वाट बघावी लागली. दाखला ऑक्टोबरात मिळाला. तीन लाखांपैकी एक लाख छत्तीस हजार दवाखान्याच्या थकलेल्या बिलापोटी गेले. बारा हजार कंत्राटदाराला दिले. खराब झालेला मास्क आणि सेटची किंमत कंपनीनं भरायची, असं करारात कलम होतं, आणि त्यानं ते दाखवलं. उरले एक लाख बावन्न हजार. दाखल्यावर दोन नावं होती. शहात्तर हजारांचा एक चेक त्याच्या बायकोला आणि शहात्तर हजारांचा दुसरा त्याच्या आईला, रजिस्टर पोस्टानं पाठवला.